पुरवणीत पक्षी आहेत, भरती नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शनिवारच्या पुरवणीतले ‘एका दिवसात पाच नव्या जागा’ हे पक्षीनिरीक्षणाचे पान वाचले. मांडणी सुरेख, फोटो मोठे, लेखकाचा उत्साह दांडगा. फक्त समुद्राला विचारायचे राहून गेले.

वेळापत्रक असे : सकाळी ८ वाजता शिवडी, ११ वाजता ऐरोलीची खाडीतले पक्षी दाखवणारी बोट, १ ते २ जेवण (मिसळ कुठे खावी तेही दिले आहे), ४ वाजता नेरूळला टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या मागची पाणथळ. पाचांपैकी उरलेल्या दोन जागा डोंगराकडच्या, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण या तिन्ही जागा खाडीच्या, आणि खाडीत किती वाजता काय दिसणार हे भरती ठरवते, पुरवणी नव्हे.

काल रविवारी द्वितीया होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे कोळीवाड्यातले शेंबडे पोरही सांगेल. दोनची पाऊणपट दीड. म्हणजे दुपारी दीडच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्याआधी सव्वासहा तास, सकाळी सव्वासातला पूर्ण ओहोटी. (या हिशेबात अर्धा तास मागेपुढे होतो. नेमकी वेळ हवी तर अपोलो बंदराचा भरतीचा तक्ता पाहावा, आणि ठाण्याच्या बाजूला पाणी थोडे उशिरा पोचते हे धरावे.) तर अशा दिवशी आठ वाजता शिवडीच्या धक्क्यावर काय दिसते? चिखल. पक्षी पाण्याच्या कडेकडेने चरतात आणि त्या वेळी ती कड पार लांब गेलेली असते. त्यातून धक्का पूर्वेकडे तोंड करून. सकाळचे ऊन सरळ डोळ्यांत, आणि गुलाबी फ्लेमिंगो काय, पांढरे बगळे काय, सगळेच काळे.

काल हेच झाले. तुमचे कात्रण हातात घेतलेली माणसे धक्क्यावर एकमेकांना ‘अजून आले नाहीत का?’ विचारत होती. आले होते की! पाण्याच्या कडेला, उन्हाच्या रेषेत, मोहरीएवढे. शेवटी एका आजोबांनी नातवाला जवळचा बगळा दाखवून ‘हाच फ्लेमिंगो, लहान आहे अजून’ अशी समजूत काढली. आजोबांचा इलाज नव्हता. पुरवणीचा होता.

गंमत अशी की हेच पान उलटे छापले असते तर दिवस साधला असता. सकाळ नवी मुंबईत काढायची, कारण तिथे खाडी पश्चिमेला येते आणि ऊन पाठीशी असते. आधी बांधावरच्या झुडपांत आणि गवतात गप्पीदास, शंकर, पिवळा धोबी हे छोटे पक्षी बघून घ्यावेत, त्यांना भरतीशी देणेघेणे नाही. अकरापर्यंत पाणथळीच्या काठावर जागा धरून बसावे. भरती सहा तास एका वेगाने चढत नाही. पहिल्या आणि शेवटच्या तासात जेमतेम बारावा-बारावा हिस्सा चढते, मधल्या दोन तासांत निम्मे पाणी येते. काल ते दोन तास साडेनऊ ते साडेअकराचे होते. खाडीतला चिखल तेव्हा भराभर बुडतो आणि पाणटिवळे, टिलवे, चिखल्ये या चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांना पाय टेकायला जागा उरत नाही. ते थव्याने उठतात आणि आतल्या उथळ तळ्यांत येऊन बसतात. तिथे शेकाट्ये आधीच असतात. पाणी उतरेपर्यंत हे सगळे तिथेच, एका पायावर, चोच पिसांत खुपसून. आठ पट दुर्बीणसुद्धा पुरते. हा देखावा दुपारी बारा ते दोन, म्हणजे नेमक्या ज्या वेळी तुमच्या लेखकाने वाचकांना मिसळीपुढे बसवले. चार वाजता तिथे गेलेल्यांना रिकामे तळे मिळाले असणार, कारण तोवर पाणी अडीच तास उतरलेले आणि पक्षी खाडीत परत गेलेले.

आणि शिवडी दुपारी. दोनला नेरूळ सोडावे, साडेतीनला धक्क्यावर असावे. ओहोटीत काठाजवळचा उंच चिखल आधी उघडा पडतो, म्हणून थवे आधी काठाशी उतरतात आणि पाण्यामागे हळूहळू लांब जातात. सूर्य तेव्हा आपल्या पाठीमागे असतो. तासाभराने गेलात तरी थवा दूर सरकलेला असतो, तेव्हा चहा नंतर. चिखलात मात्र उतरू नये, तो दिसतो घट्ट आणि गिळतो मांडीपर्यंत. ऐरोलीची बोट तेवढी काल वेळेत बसली. खाडी उथळ असल्याने बोटी पाणी बघूनच सुटतात आणि ११ वाजता पाणी चढते होते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ.

द्वितीयेचे हे वेळापत्रक अष्टमीला चालणार नाही. तेव्हा भरती सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या पुढेमागे, भर दुपारी ओहोटी, आणि भांगाचे (अष्टमीच्या सुमाराच्या कमजोर भरतीचे) पाणी चढते तेही अर्धवट. चिखल पुरता बुडत नाही, मग पक्ष्यांनी तळ्यांत का यावे? अशा दिवशी खाडीचा नाद सोडून कर्नाळ्याला जावे, कर्णा आणि शामा हे तिथले रानपक्षी तिथी बघत नाहीत. हिवाळ्यात दोन भरत्यांपैकी मोठी बहुधा रात्रीची असते, म्हणून नुसती वेळ छापून भागत नाही, मीटरही छापावे लागतात. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या भरतीची चौकट पहिल्या पानावर न चुकता असते. दिवाळीनंतर समुद्र रजेवर जातो असा आपला समज आहे काय?

‘डिसेंबर म्हणजे फ्लेमिंगोंचा महिना’ हे वाक्यही तपासून घ्या. मुंबईत त्यांची खरी गर्दी जानेवारीनंतर होते आणि मेपर्यंत टिकते. डिसेंबरचा मान टिलवे, तुतारी, पाणटिवळे, कुरव (सीगल) यांचा, ज्यांना लेखात ‘इतर छोटे पक्षी’ एवढीच जागा मिळाली. सैबेरियाकडून येणाऱ्या मूठभर वजनाच्या पाहुण्याला ‘इतर’ म्हणायला धाडस लागते.

आता मेगाब्लॉक. लेखात ‘हार्बर लोकलने सहज शक्य’ असे म्हटले आहे. शक्य आहे, शनिवारी. रविवारच्या हार्बर ब्लॉकची बातमी तुमच्याच अंकात पान दोनवर होती, ब्लॉक अकरा ते चार. वर सुचवलेली नेरूळहून शिवडीला निघायची वेळ बरोबर त्यात येते. पुरवणीवाल्यांनी निदान आपला पेपर तरी वाचावा.

राहता राहिला फोटो. ओळ ‘लेसर फ्लेमिंगो’, म्हणजे छोटा रोहित, आणि पक्षी मोठा रोहित. मोठ्याची चोच गुलाबी आणि फक्त टोक काळे. छोट्या रोहितची चोच गडद लाल, लांबून काळीच वाटते. शिवाय रोहित, शेकाट्या, थापट्या अशी नावे असताना मराठी पेपरात ‘ब्लॅक विंग्ड स्टिल्ट’ आणि ‘नॉर्दर्न शॉव्हेलर’ कशासाठी? थापट्याची चोच बघितली की नाव वेगळे पाठ करावे लागत नाही.

आपला,
एक जुना वाचक, मुलुंड (पूर्व)

ता. क. : त्याच पानावर बोटीतून कुरवांना गाठ्या भरवणाऱ्या मुलीचा फोटो ‘निसर्गाशी मैत्री’ या नावाने छापला आहे. तळलेले, खारट बेसन हे कुरवाचे खाणे नव्हे. पुढच्या शनिवारी तो फोटो पुन्हा वापरणार असाल तर निदान नाव बदला.