शिडाच्या नौकांची झाकणे नागपूरचे ऊन ओळखून बदलावीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नागपूर जिल्ह्यातील एका जलाशयावर शाळकरी मुलांना शिडाच्या नौका चालवण्याचे शिक्षण दिले जाते आणि माझी मुलगीही तेथे शिकते. यंदा पावसाळा ओसरल्यावर नौका पाण्यात उतरल्या, तेव्हा काही नौकांच्या पुढच्या डेकवरील (नौकेच्या वरच्या पृष्ठभागावरील) हॅचचे, म्हणजे आतल्या कप्प्याच्या तोंडाचे, प्लास्टिकचे झाकण मधोमध फुगलेले आणि कोपऱ्यांशी उचललेले दिसले. त्यावर रुंद चिकटपट्टी मारून सराव चालू होता. विचारणा केली असता, तसेच झाकण मागवले आहे, तोवर पट्टीवर भागेल, असे सांगण्यात आले. पट्टी तर चुकीची आहेच. पण तसेच झाकण पुन्हा बसवणेही चुकीचे आहे, असे माझे मत आहे.

या हॅचखाली सामान ठेवण्याची जागा नसते, तर नौका तरंगती ठेवणारा हवाबंद कप्पा असतो. लहान शिडाची नौका वाऱ्याच्या झोतात कलंडणे ही नित्याची गोष्ट आहे आणि कलंडलेली नौका पुन्हा सरळ करणे हा शिक्षणाचाच भाग आहे. मात्र ती सरळ होते, ती या कप्प्यांतील हवेच्या बळावर. एक लिटर हवा जवळपास एक किलो भार तोलून धरते. म्हणजे सैल झाकणातून कप्प्यात ५० लिटर पाणी शिरले, तर तेवढ्या किलोंचा आधार गेला आणि वर तेच पाणी आत हिंदकळून नौकेला पुन्हा त्याच बाजूला ओढू लागले. बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या अंगात हे ओझे उलटवण्याची ताकद नसते.

झाकण वाकते ते दोन कारणांनी, आणि दोन्हींचे मूळ आपल्या उन्हाळ्यात आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा उन्हात पडलेले गडद प्लास्टिक सहज ६० अंशांच्या वर तापते. ॲक्रिलिकचे ३० सेंटीमीटर लांबीचे झाकण ५० अंशांच्या फरकाने सुमारे एक मिलिमीटर वाढते, तर त्याखालचा फायबरग्लासचा डेक त्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याने. स्क्रूची भोके घट्ट असली, की वाढलेल्या झाकणाला बाजूला सरकायला जागा उरत नाही. ते वर फुगते, आणि दिवसेंदिवस तसेच तापत राहिले की तो बाक कायमचा होतो. दुसरे कारण कप्प्यातील हवेचे. पूर्ण बंद कप्प्यातील हवा २० अंशांवरून ६० अंशांवर गेली, तर तिचा दाब इतका वाढतो की ३० बाय २० सेंटीमीटरच्या झाकणाला आतून ८० किलोंहून अधिक जोर सोसावा लागतो. उन्हाने आधीच मऊ झालेले प्लास्टिक त्यापुढे किती टिकणार? म्हणूनच काठावर ठेवलेल्या नौकेची हॅच आणि बुचे उघडी ठेवायची असतात. आपल्याकडे चोरीच्या आणि धुळीच्या भीतीने ती घट्ट लावून ठेवली जातात.

वाकलेले झाकण गरम पाण्यात घालून वजनाखाली सपाट करता येते, पण पुढच्या उन्हाळ्यात बाक परत येतो. स्क्रू अधिक आवळले तर कोपरे तडकतात. सिलिकॉनने चिकटवून टाकले तर आत पाणी साचले आहे की नाही, हे पाहण्याची सोयच उरत नाही.

योग्य मार्ग म्हणजे झाकण येथेच बनवून घेणे. आयएस ७१० हे भारतीय मानांकन असलेले मरीन प्लायवूड (पाण्यात टिकणारे प्लायवूड) लकडगंजच्या बाजारात चौकशी केल्यास मिळू शकेल, आणि फायबरचे काम जाणणारे कारागीरही शहरात आहेत. नऊ मिलिमीटरच्या प्लायवर दोन्ही बाजूंनी फायबरचे कापड व इपॉक्सी (सुकून कडक होणारी कृत्रिम राळ), कडांना इपॉक्सीचे जास्तीचे हात आणि सर्वांवर पांढरा रंग, एवढ्याने काम भागते. रंग टाळून चालत नाही, कारण उघडी इपॉक्सी उन्हात खराब होते. आणि तो पांढराच हवा, कारण गडद रंगाने झाकण पुन्हा तापणार. स्क्रूची भोके आधी मोठी पाडून इपॉक्सीने भरावीत आणि मग त्यातच नेमक्या मापाची पाडावीत, म्हणजे लाकडाला पाणी लागत नाही.

माप मात्र जुन्या झाकणावरून घेऊ नये, कारण तेच वाकलेले आहे. डेकवरील चौकटीवर जाड कागद ठेवून आकार उतरवावा. त्याआधी चौकटीच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन दोरे ताणून पाहावेत: मधोमध ते एकमेकांना नुसते टेकले आणि वरचा दोरा खाली घेतल्यावरही तसेच टेकले, तर चौकट सपाट आहे. फट दिसली किंवा एक दोरा दुसऱ्याला दाबू लागला, तर चौकटीलाच पीळ आहे. तो आधी इपॉक्सीच्या भरावाने काढावा लागेल, नाही तर नवे झाकणही गळेल. रबरी पट्टी पाणी न शोषणारी, ईपीडीएम या कृत्रिम रबरासारखी असावी आणि ती झाकणाबरोबर नवीच घालावी.

झाकण बसले की नाही, हे पाहण्याची मोठ्या जहाजांवरची रीत येथेही चालते. चौकटीच्या कडेला खडू फासून झाकण लावावे आणि उघडून रबरावरची खडूची रेघ पाहावी. रेघ जेथे तुटलेली असेल, तेथून पाणी शिरणार. त्यानंतर नळीने जोरात पाणी मारून पाहावे.

अशा नौका चालवणाऱ्या सर्व संस्थांना माझी कळकळीची विनंती आहे, की झाकणाचा खर्च किरकोळ देखभालीत न धरता जीवरक्षक जाकिटांच्या बरोबरीने सुरक्षेच्या खर्चात धरावा आणि चिकटपट्टी लावलेली नौका मुलांच्या हाती मुळीच देऊ नये. उन्हाळ्यात नौका छपराखाली किंवा पांढऱ्या ताडपत्रीखाली, हॅच उघडी ठेवून ठेवाव्यात. नवे झाकण बसवल्यावर कलंडण्याच्या पहिल्या सरावानंतर कप्पा उघडावा, आत पाणी सापडल्यास ते मोजून नोंदवहीत लिहावे आणि ती नोंदवही पालकांना पाहू द्यावी.

आपला,
एक पालक, नागपूर