आधी आवाज, मग स्पेलिंग

महोदय,

इंग्रजी नुकतीच शिकू लागलेली मुले ‘सी-ए-टी कॅट’ असे घोकताना दिसतात, तेव्हा वाईट वाटते. ‘सी’ या नावात ‘क’ नाही, ‘ए’ या नावात ‘ॲ’ नाही. मग मुलाने त्यातून ‘कॅट’ काढायचे कसे? इंग्रजीत अक्षरे २६, ध्वनी मात्र सुमारे ४४. म्हणून सुरुवात ऱ्हस्व स्वरांच्या तीन अक्षरी शब्दांनीच व्हावी: कॅट, पेन, पिन, पॉट, कप. इथे एका अक्षराला एकच आवाज असतो. मूल आवाज जोडून शब्द वाचते, ऐकलेला शब्द सुटा करून लिहिते. पाठांतर लागत नाही. ‘पेन’ आणि ‘पिन’ यांतला फरक कानात पक्का बसेपर्यंत पुढे जाऊ नये. घाई नेमकी इथेच होते. नंतर शेवटी मुका ‘ई’ जोडला की ‘कॅप’चे ‘केप’ आणि ‘पिन’चे ‘पाइन’ का होते, हे मुलाला सहज उमगते. ‘पुट’सारखे अपवाद आहेतच, ते सावकाश येऊ द्यावेत.

तक्ते छापणाऱ्यांना एक कळकळीची विनंती: ‘आय फॉर आइसक्रीम’ऐवजी ‘आय फॉर इंक’ छापा. आइसक्रीममधला पहिला स्वर ऱ्हस्व नाही.

– एक वाचक