टपावरची गादी आणि खिडकीतला हात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाचकांनी पाठवलेली छायाचित्रं आपण छापता, त्यांत अधूनमधून एखादी इवलीशी मोटार असते आणि टपावर तिच्याहून लांब सोफा. कधी मोटारसायकलवर मागच्याच्या मांडीवर टीव्ही, कधी स्कूटरवर उभं कपाट. खाली एखादी मिश्कील ओळ. मीही हसतो. एका कपाटासाठी मोठी गाडी बोलवायची हौस कोणाला असते? घरचं वाहन दारात उभं असताना माणूस आधी त्यावरच काय बसतंय ते बघणार. तेव्हा उपदेशाचा माझा विचार नाही. तक्रार एवढीच की आपण कौतुक करतो ते जड सामानाचं. फ्रिज दिसला की सगळे ‘बापरे’ म्हणतात. टपावर गादी टाकून निघालेल्याकडे मात्र कोणी ढुंकूनही पाहत नाही. मला भीती वाटते ती त्या गादीची.

दोन माणसांची गादी साधारण 6 फूट लांब, 5 फूट रुंद. वजन 20-25 किलो. दोघांनी उचलली, टपावर ठेवली, वरून एक दोरी आडवी घातली, खिडक्यांतून आत घेऊन गाठ मारली, की झालं काम. उरलेल्या काळजीपोटी चालकाशेजारचा माणूस खिडकीतून हात बाहेर काढून गादीची कड धरून बसतो. आता जरा हिशोब करू. चालत्या गाडीच्या टपावर समोरून येणारा वारा गादीच्या पुढच्या कडेखाली शिरतो. कड जरा वर आली की वाऱ्याला पूर्ण पसरट अंग मिळतं. ताशी 40 किलोमीटर वेगाला असा वारा 20 किलोच्या आसपास जोर लावतो, म्हणजे जवळजवळ गादीच्या वजनाइतका. वेग दुप्पट केला तर जोर दुप्पट नाही, चौपट होतो. म्हणजे 80 च्या वेगाला 80-90 किलो. खिडकीतल्या त्या हाताने काय धरून ठेवायचं? हात वेळेवर सोडला तर नशीब. गादी उडते ती मागे, आणि मागे बहुधा एखादा दुचाकीवाला असतो, ज्याच्या अंगावर हे अंथरूण येऊन पडतं.

मधोमध घातलेली आडवी दोरी इथे फारशी कामाची नाही. गादी पुढच्या कडेने उचलली जाते, म्हणून पुढची कड खाली ओढून धरायला हवी. दोन दोऱ्या पुढच्या बंपरखालच्या कड्याला, दोन मागच्या कड्याला, आणि मग मधल्या आडव्या. नायलॉनची दोरी ताण आला की लांबते, म्हणून रॅचेटचा पट्टा, म्हणजे खटक्याच्या मुठीने आवळत नेता येणारा कापडी पट्टा, बरा. पट्टा सपाट ताणला तर वाऱ्यात थरथरून कानठळ्या बसतील असा गुणगुणतो. त्याला एक-दोन पीळ द्यावेत, आवाज थांबतो. दोरी पत्र्याच्या धारदार कडेवरून जात असेल तर खाली जाड फडकं घालावं, नाहीतर ती तिथेच घासून तुटते. आणि दोरी खिडकीतून न घेता दार उघडून चौकटीतून घ्यावी. खिडकीतून बांधली की दारं उघडत नाहीत, उतरायचं कसं हा प्रश्न मुक्कामी पोचल्यावर सुचतो.

दुचाकीवर हाच वारा बाजूने येतो. मागे बसलेल्याने 8 बाय 4 फुटांचा प्लायवूड उभा धरलेला असतो. ताशी 30 किलोमीटरचा साधा आडवा वारासुद्धा त्यावर 13-14 किलोचा धक्का देतो, तोही खांद्याच्या उंचीवर. शेजारून मोठा ट्रक सुसाट गेला की धक्का अचानक येतो आणि अचानक नाहीसा होतो, तोल तिथेच जातो. असा फळा दुचाकीवर नेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. काचेबद्दल तर बोलायलाच नको.

जड सामानाचे नियम तसे सोपे आहेत. बऱ्याच लहान मोटारींच्या टपावर 50 ते 75 किलोच चालतात, त्यात कॅरिअरचं वजनही आलं. नेमका आकडा गाडीसोबतच्या पुस्तिकेत असतो, जी बहुतेकांच्या डिकीत प्लॅस्टिकच्या पिशवीतच पडून असते. आत ठेवलेली वस्तूही बांधलेली हवी. 50 च्या वेगाने जाणारी गाडी आदळून अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर मागे सुटी ठेवलेली 5 किलोची हत्यारांची पेटी पुढच्यांच्या पाठीवर 100 किलोच्या जोराने येते.

डिकी उघडी ठेवून लांब सामान नेणाऱ्यांना एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो, सायलेन्सरचा धूर तिथे घोळतो आणि उघड्या डिकीतून आत ओढला जातो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, झोप येते, आणि आपण ते थकव्यावर ढकलतो. उघडी फट होईल तितकी बुजवावी, पुढच्या खिडक्या उघडाव्यात आणि पंखा बाहेरची हवा आत घेईल असा पूर्ण जोरात लावावा. मूल मागच्या सीटवर असेल तर असा प्रवास टाळलेलाच बरा.

बाहेर आलेल्या टोकाला लाल फडकं बांधण्याची रीत चांगली आहे, पण संधिप्रकाशात लाल रंग काळा दिसतो. रस्ते वाहतुकीच्या 1968 च्या व्हिएन्ना करारात पुढे किंवा मागे 1 मीटरहून जास्त बाहेर आलेल्या सामानावर कायम खूण असावी असं म्हटलं आहे. रात्री मागे लाल दिवा आणि परावर्तक. मागच्या चालकाच्या डोळ्यांच्या उंचीवर येणारी लोखंडी सळई फडक्याच्या भरवशावर सोडू नये.

आपल्याला विनंती एकच. अशी छायाचित्रं जरूर छापा, पण निवडताना दोऱ्या कुठे बांधल्या आहेत ते दिसेल असं छायाचित्र निवडा, आणि खालच्या गमतीदार ओळीत त्याबद्दलही दोन शब्द येऊ द्या. एखाद्याने सोफा खरोखर उत्तम बांधला असेल तर त्याचंही नाव निघू दे.

आपला,
एक नियमित वाचक