घरगुती अ‍ॅम्प्लिफायरचे आउटपुट संरक्षणाविना ठेवू नये

मा. संपादक,
स. न.

लॅमिंग्टन रोडवर किंवा पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून सुटे भाग आणून घरी अ‍ॅम्प्लिफायर बांधणारी मुले आजही आहेत, याचा मला मनापासून आनंद वाटतो. मात्र टीडीए २०३० या लोकप्रिय अ‍ॅम्प्लिफायर चिपच्या काही स्वस्त किटांत आउटपुटच्या संरक्षणाचे भाग गाळलेले दिसतात, आणि ‘संरक्षण चिपच्या आतच आहे’ असे त्याचे समर्थन केले जाते. आतील व्यवस्था शॉर्टसर्किट व अतिउष्णतेपासून चिपला वाचवते. स्पीकरची जबाबदारी ती घेत नाही.

स्पीकरची कॉइल प्रवाह एकाएकी तुटला की उलटा विद्युतदाब निर्माण करते. तो सप्लायच्या मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून आउटपुटपासून अधिक व उणे अशा दोन्ही सप्लायकडे एकेक १एन४००१ डायोड उलट्या दिशेने जोडतात. शिवाय वारंवारता वाढते तसा कॉइलचा अवरोधही वाढत जातो, त्यामुळे उच्च वारंवारतेला चिपवर पुरेसा भार राहत नाही आणि ती कानाला ऐकू न येणाऱ्या वारंवारतेवर स्वतःच आंदोलित होऊन विनाकारण तापू शकते. हे टाळण्यासाठी आउटपुट व ग्राउंड यांच्यामध्ये १ ओहमचा रेझिस्टर आणि ०.२२ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर एकामागोमाग लावायचा असतो. हे सारे भाग अगदी किरकोळ किमतीचे आहेत.

खरी चिंता चिप आतून शॉर्ट होण्याची आहे. दुहेरी सप्लायच्या रचनेत आउटपुट आणि स्पीकर यांच्यामध्ये डीसी (एकाच दिशेचा प्रवाह) अडवणारा कॅपॅसिटर नसल्याने उणे किंवा अधिक १५ व्होल्टचा सप्लाय थेट ८ ओहमच्या स्पीकरवर येतो, कॉइलमध्ये सुमारे २८ वॅट उष्णता सतत निर्माण होत राहते, आणि पडदा एका जागी अडकल्याने तिला हवाही मिळत नाही. म्हणून डीसी ओळखून स्पीकर तोडणारे रिलेचे (विजेवर चालणाऱ्या स्विचचे) सर्किट, निदान योग्य फ्यूज तरी, हवाच. या चिपची धातूची पाठ उणे सप्लायला जोडलेली असते, त्यामुळे हीटसिंक पेटीला टेकणार असेल तर मध्ये अभ्रकाची चकती विसरू नये.

शाळा-महाविद्यालयांत असे प्रकल्प करून घेणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे की, स्पीकर जोडण्यापूर्वी आउटपुटवरील डीसी मल्टिमीटरने मोजून घ्यावा आणि तो शंभर मिलिव्होल्टच्या पुढे असेल तर दोष सापडेपर्यंत स्पीकर जोडू देऊ नये.

आपला,
एक वाचक, पुणे