खोललेल्या गाडीची किंमत कोण ठरवणार?

संपादक महोदय,

२०२३ला लक्ष्मी विलास पॅलेसमधे जुन्या गाड्यांचा तो मोठा शो झाला, तो बघून आम्हीपण आजोबांची जुनी फियाट पुन्हा पहिल्यासारखी करायला खोलली, आता इंजिन एकीकडे, दरवाजे पेंटरकडे, आणि विमावाले म्हणतात कागदावर हिची किंमत भंगाराएवढीच. अहो, पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत कंपनी नि मालकाने मिळून ठरवायची असते ना! १९४०च्या आधीच्या व्हिंटेज गाड्यांना तर ठरलेल्या किमतीची पॉलिसी मिळते. मग काम चालू असताना बिलं, फोटो, व्हॅल्युअरचा (गाडीची किंमत ठरवणाऱ्या जाणकाराचा) रिपोर्ट बघून टप्प्याटप्प्याने किंमत वाढवून द्यायला काय हरकत आहे? गाडी रस्त्यावर नाही तर पॉलिसी कशाला, असंही ऐकवतात, जसं काही आग नि चोरी गॅरेजमधे होतच नाही.

– एक वाचक, बडोदा