एकाची घाई, साऱ्या विद्यापीठाला कुलूप

संपादक महोदय,

१ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेमुळे तीस प्रकाशकांची सुमारे १३ हजार संशोधन-नियतकालिके देशभरातील सहा हजारांहून अधिक सरकारी शिक्षण व संशोधन संस्थांना खुली झाली. तीन वर्षांसाठी त्यावर ६ हजार कोटी रुपयांची तरतूद आहे. योजनेचे स्वागत झाले ते योग्यच. परंतु हा ठेवा विद्यापीठाच्या ज्या सामायिक संगणकजाळ्यातून आपल्या हाती येतो, ते वापरायच्या शिस्तीविषयी फारसे कोणी बोलत नाही. विद्यापीठाच्या ग्रंथालयात अनेक वर्षे काम केलेले असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

प्रकाशकाचा सर्व्हर वाचकाला नावाने ओळखतोच असे नाही. पुष्कळदा त्याला दिसतो तो केवळ संस्थेचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरील तिचा ओळख-क्रमांक. वाड्याला एकच दिंडी दरवाजा असावा आणि आतल्या बिऱ्हाडांची नावे बाहेर कोणालाच ठाऊक नसावीत, तसा हा प्रकार आहे. त्यामुळे एका बिऱ्हाडाने आगळीक केली की कुलूप दिंडीला लागते. आमच्याकडे एका संशोधक विद्यार्थ्याने निबंध आपोआप उतरवून (डाउनलोड करून) घेणारी संगणकप्रणाली लावून एका रात्रीत एका नियतकालिकाचे अंकच्या अंक उतरवले. सकाळी त्या प्रकाशकाची सर्व नियतकालिके संपूर्ण विद्यापीठासाठी बंद झालेली होती आणि ती पुन्हा सुरू होईपर्यंत, प्रबंध सादर करण्याच्या ऐन घाईत असलेल्या ज्या विद्यार्थ्यांचा या प्रकाराशी काडीचाही संबंध नव्हता, त्यांची समजूत घालण्याचे काम आमच्या वाट्याला आले. असे केवळ आपल्याकडेच घडते असेही नाही. २०१० च्या ऑक्टोबरात अशाच अफाट डाउनलोडमुळे ‘जेस्टोर’ या संशोधन-नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहाने अमेरिकेतील एमआयटीसारख्या नामांकित तंत्रज्ञान संस्थेचा प्रवेश काही दिवस सरसकट रोखला होता.

दुसरी सवय पासवर्ड उसना देण्याची. मित्राला लॉगिन देणे हा आपल्याकडे मनाचा मोठेपणा समजला जातो, आणि नाही म्हणणारा कोता ठरतो. मात्र जाळ्यावरील नोंदींत नाव लागते ते खातेदाराचे. त्या खात्यावरून कोणी धमकीचा मेल पाठवला, तर पहिली विचारणा कोणाकडे होईल, हे सांगायला नको. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क (इंग्रजी ‘सी’) खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हे तर अनेक प्राध्यापकांनाही माहीत नसते. (स्वतःचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून संगणकाच्या पडद्याला चिकटवणारे विभागप्रमुख मी पाहिले आहेत, तेव्हा सगळा दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारण्याची माझी इच्छा नाही.)

किंबहुना मोठी चूक प्रशासनाचीच आहे. प्रवेशाच्या वेळी इंग्रजीतील दोन-तीन पानांच्या नियमावलीवर विद्यार्थ्याची सही घेतली जाते. ती कोणी वाचत नाही आणि वाचली तरी त्यात ‘करू नये’ एवढेच असते, का करू नये ते नसते. पुढे काही गैरप्रकार झाला की निम्मी संकेतस्थळे बंद करून टाकायची, हा सोपा उपाय. त्यात पुष्कळदा कामाचीच स्थळे बंद होतात आणि मुले पळवाटा शोधू लागतात. त्याऐवजी ही नियमावली कारणांसह मराठीत छापावी आणि पहिल्या आठवड्यात अर्धा तास काढून संगणक केंद्राने ती समजावून सांगावी.

वर उल्लेखिलेल्या विद्यार्थ्याला आपल्या विश्लेषणासाठी ते सर्व निबंध खरोखरच हवे होते. असे काम असल्यास काही प्रकाशक रीतसर विनंतीनंतर वेगळी सोय करून देतात आणि ती विनंती ग्रंथालयामार्फत सहज करता आली असती. पण त्यासाठी कोणाला भेटायचे, हे त्याला दोन वर्षांत कोणीही सांगितले नव्हते, आणि त्याने सही केलेल्या नियमावलीतही तसे नाव किंवा दूरध्वनी क्रमांक नव्हता.

आपला विश्वासू,
एक निवृत्त ग्रंथालय कर्मचारी