महाद्वार रोडच्या कटलरीवाल्या तात्यांना

तीर्थस्वरूप तात्यांना, सा. न. वि. वि.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी तुमच्या दुकानात आलो, तेव्हा माझ्या शर्टाची गळ्याची गुंडीसुद्धा लावलेली होती. मान दाखवायची लाज वाटायची. कॉलरखाली लाल पुटकुळ्या, काही पिकलेल्या, आणि त्यांच्यावरूनच रोज सकाळी पाच पात्यांचा रेझर दाबून फिरवायचो.

मी तुम्हाला यादी दाखवली. उघड्या दात्यांचा जर्मन रेझर, फेदर या जपानी कंपनीची पाती, बॅजर या प्राण्याच्या केसांचा ब्रश. सगळं मिळून चार-पाच हजारांचा माल. तुम्ही यादी बाजूला ठेवलीत आणि म्हणालात, "आधी गुंडी काढ बघू."

मग अंगठ्यानं मान चाचपलीत. वरून खाली, खालून वर, मग आडवी. बिलाच्या कागदामागं माझ्या गळ्याचं चित्र काढून बाण मारलेत: गालावर केस खाली, गळ्याच्या घाटीखाली मात्र वरच्या दिशेनं, उजवीकडं तर चक्क आडवे. बारा वर्षं गळ्यावर जो सुलटा हात समजून मारत होतो, तो उलटा होता! तो कागद अजून आरशाच्या कडेला चिकटवलेला आहे. आधी मलमं बरीच लावून झाली होती, पण पुटकुळी येते कशानं, हे तुमच्या दुकानात कळलं. पुढचं पातं केस ओढतं, मागचं कापतं, आणि तुटलेला केस कातडीच्या खाली जाऊन बसतो. वाढताना बाहेर यायची वाट सापडली नाही, की आतच वळतो.

नंतर तुम्ही एका पात्याचा रेझर उघडून तीन भाग काचेवर मांडलेत. टोपी, तळ, दांडी. मधलं पातं एक दशांश मिलिमीटर जाडीचं, हातात धरलं तर कागदासारखं लवणारं. दांडी पिळली, की ते टोपीच्या उतारावर वाकतं, आणि वाकल्यामुळंच ताठ होतं, कापताना थरथरत नाही. एवढ्या पातळ पात्याला दोन्हीकडून आधार द्यायचा हा विचार किंग जिलेट यांच्या १९०४ च्या पेटंटातला. तो इतक्या जवळून मला कुणी दाखवला नव्हता.

फेदर मात्र तुम्ही दिलं नाहीत. जपानातलं सेकी हे तलवारी घडवणाऱ्या कारागिरांचं गाव, तिथल्या पात्याची धार नवशिक्या हाताला झेपत नाही, हात बसल्यावर ने, म्हणालात. त्याऐवजी दाते नसलेला, बंद कडेचा साधा रेझर आणि पाच जातींची पाती. पाकिटं फोडून एकेक सुटं दिलंत. बॅजरऐवजी नायलॉनचा ब्रश. तीन आठवडे रेझर तोच, साबण तोच, बदलायचं फक्त पातं, आणि एका पात्याच्या चार दाढ्या. "एकदम चार गोष्टी बदललास तर लागू काय पडलं हे कळणार कसं?"

कालनिर्णयच्या चौकोनात रोज लिहीत गेलो. ओढलं, जळजळलं, बरं. तुम्ही स्वतः वीस वर्षं जे पातं वापरता, ते मला दुसऱ्याच दिवशी ओढायला लागलं. सांगायला संकोच वाटला, पण तुम्ही खूश झालात: "तुझं कातडं वेगळं, माझं वेगळं." मला 'अस्त्रा' नावाच्या पात्यांची हिरवी पेटी मानवली. पात्याच्या धारेइतकाच तुमचा दुसरा सल्ला कामाला आला: तीसेक अंशाचा कोन धर, दाबू नकोस, रेझरच्या वजनानं जेवढं निघेल तेवढंच काढ. आता खुंट कापल्याचा बारीक आवाज ऐकू येतो. आवाज थांबला, की मीही थांबतो.

आणि पाणी. आमच्या अपार्टमेंटला बोअरचं जड पाणी, फेस वाटीतच बसायचा. मी साबणाला दोष देत होतो. तुम्ही म्हणालात, दाढीपुरतं नळाचं एक तांब्या भरून ठेव. दुसऱ्या दिवशी ब्रशवर दह्यासारखा घट्ट फेस!

वापरलेल्या पात्यांसाठी झाकणाला चीर पाडलेला पत्र्याचा डबा दिलात, त्याचे पैसे घेतले नाहीत. कचरा वेचणाऱ्या बायकांची बोटं कापतात, एवढंच बोललात. तो डबा रोज डोळ्यांसमोर असतो.

त्या दिवशी माझं बिल साडेसातशे झालं. तुम्ही मनात आणलं असतं, तर मी पाच हजार मोजून, तशाच मानेनं घरी गेलो असतो. दिवाळीच्या पहाटे आईनं उटणं लावताना मानेवरून हात फिरवला आणि "गेलं की रे सगळं" म्हणाली, तेव्हाच तुम्हाला लिहायचं ठरवलं होतं. उशीर झाला, माफ करा. तात्या, मनापासून आभार.

रविवारी येतोय. माळ्यावर आजोबांचा पितळी रेझर सापडलाय, दांडी गच्च बसली आहे. तुमच्यासमोरच उघडू.

आपला,
गुंडी काढलेला मुलगा